शुभेच्छुकांच्या रांगेत

चौकातले फ्लेक्स वाचायची सवय मला उतारवयात लागली. त्याआधी आयुष्यभर मी त्यांचा रागरागच केला. वाढदिवसाचे, निवडीचे, दहीहंडीचे, एकदा तर कुणाच्या तरी कुत्र्याच्या वाढदिवसाचा. बसच्या खिडकीतून दिसला की मान फिरवायची, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध. आता मी महिन्यातून एकदा नवी पेठेतून निघून कात्रजच्या बसमध्ये बसते, एका ठरावीक चौकात उतरते आणि तिथला फ्लेक्स खालच्या रांगेपासून वरपर्यंत नीट वाचते. वाचून झाला की परतीची बस धरते. माझ्या भाच्याला वाटतं, मावशीचं डोकं फिरलंय. वाटू दे.

सरकारी कायद्यांचं मराठी करण्यात माझी सगळी नोकरी गेली. 'परंतु असे की', 'उपरोक्त', 'यथास्थिती' असल्या शब्दांवर मी घर चालवलं, आईचं आजारपण काढलं आणि निवृत्त झाले. लग्न केलं नाही, त्याबद्दल कुणी विचारलं तर मी अजूनही 'वेळ मिळाला नाही' असं सांगते आणि समोरच्याचं तोंड बंद करते. माझा राग नाकावर असतो असं इमारतीतले म्हणतात. खरं आहे. ह्या शहरात रागावायला इतकी कारणं असताना राग आत साठवून ठेवायचा कशाला?

मला मधुमेह आहे. रक्त तपासायला लॅबची एक मुलगी सकाळी घरी यायची. यवतमाळकडची. शिक्षण संपवून पुण्याला आलेली, आईला घेऊन कात्रजला एका खोलीत राहणारी. स्कूटीवरून यायची, तोंडाला स्कार्फ, खांद्याला ती थंड पेटी. दारात चपला काढल्याबरोबर स्कार्फ सोडायची आणि म्हणायची, "काय मॅडम, रात्री गोड खाल्लं न?" मी म्हणायचे, "रक्त घे, जबानी घेऊ नकोस." मग दोघी हसायचो. एरवी ती पुण्यासारखं बोलायची. घाबरली किंवा रडवेली झाली की मात्र 'मले', 'तुमाले' यायचं. हे मला कळलं ते ज्या दिवशी तिने घरात आल्यावरही स्कार्फ सोडला नाही त्या दिवशी.

तिच्यावर काय गुदरलं ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे. पोलिसांना तिने ते सांगितलंय, कोर्टात पुन्हा सांगावं लागणार आहे, तेवढं पुरे. इतकंच सांगते की माणूस तिच्याच गल्लीतला. तिथल्या गणपती मंडळाचा कार्यकर्ता, येता-जाता सगळ्यांना काका-वहिनी करणारा, कुणाचा सिलिंडर वर चढवून देणारा. तिने तक्रार केली. आईने 'नको बाई' म्हणून हातापाया पडल्यावरही केली. त्याला अटक झाली. ती परत कामाला लागली, आणि माझ्याकडे येऊन पुन्हा 'गोड खाल्लं न' विचारायला लागली. मला वाटलं, पोरगी सावरली.

मग एका संध्याकाळी ती गल्लीच्या तोंडाशी भाजी घेत होती. मेथीच्या जुड्या बघत होती. शेजारून एक हात आला आणि त्याने दुसरी जुडी उचलली. तिने मान वर केली तर तो. तिच्याकडे बघून काही म्हणाला नाही. भाजीवालीला विचारलं, "मावशी, मेथी कशी दिली?" बस्स, एवढंच. तिच्या हातातली जुडी तिथेच पडली आणि ती घरापर्यंत धावत गेली.

जामीन झाला होता. दोन दिवसांपूर्वीच घरी आला होता. पुढे त्याने तिच्या आईला जिन्यात गाठून 'केस मागं घ्या' म्हणून दम दिला, त्यावरून जामीन रद्द झाला आणि तो परत आत गेला. पण मला तिने सांगितली ती मेथीची गोष्ट. जिन्यातलं दम देणं वगैरे तिने एका वाक्यात उरकलं. मेथीपाशी मात्र थांबली.

"मॅडम, तो सुटणार हे समद्यायले माहीत होतं. त्याच्या वकिलाले, पोलिसायले. त्याच्या घरच्यायनं पेढे वाटले जी. मलेच कोणी कसं नाही सांगितलं?"

ठरावीक गुन्ह्यांपुरतं आधी कळवण्याबद्दल कायद्यात काहीबाही आहे, त्यातलं थोडंसं माझ्याच हाताखालून मराठीत आलेलं आहे. पण जिला सांगायला हवं तिच्या दारात येऊन कुणी सांगत नाही, हेही मला ठाऊक होतं. मी चहा केला. त्यात साखर घातली आणि स्वतःही तोच प्यायले. ती मला गोडावरून टोकायचंही विसरली.

तिला आमदारबाईंकडे मी घेऊन गेले.

ह्या आमदारबाई लहानपणी आमच्याच वरच्या मजल्यावर राहायच्या. परकर-पोलक्यातली होती तेव्हापासून मी तिला ओळखते. आता अख्खा मतदारसंघ तिला ताई म्हणतो आणि ती मला ताई म्हणते. चारचौघांत मी तिला अहो-जाहो करते, घरात अगं. ती वाईट नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं वाचून कुणी तिला शिव्या देईल, आणि तिला शिव्या द्यायचा पहिला मान माझा आहे.

संपर्क कार्यालयात नेहमीची जत्रा होती. ड्रेनेजवाले, पाण्याचे टँकरवाले, शाळेत प्रवेश पाहिजे असलेले आईबाप. आमदारबाईंनी सगळ्यांना बाहेर बसवलं, फोन बंद केला आणि दार लावून घेतलं. मुलगी बोलत असताना ती एकदाही मधे बोलली नाही. राजकारणातलं माणूस मधे न बोलता ऐकतंय हे मी पहिल्यांदा पाहिलं. शेवटी तिने मुलीचा हात धरला. डोळे भरले होते, आणि ते नाटक नव्हतं.

"आपण कायदाच करू," ती म्हणाली.

मुलगी गडबडली. "मोठा कायदा नको जी. मला फक्त आधी कळलं पाहिजे. तो सुटायच्या आधी. मी आईला घेऊन निघून जाईन, कुठं पण जाईन. पण तो अचानक समोर नको यायला."

तिला त्याला फाशी नको होती, नुकसानभरपाई नको होती, टीव्हीवर मुलाखत तर मुळीच नको होती. बॅग भरायला वेळ पाहिजे होता. माझ्या सगळ्या नोकरीत एवढी छोटी मागणी मी कुठल्या कागदावर वाचली नव्हती.

विधेयकाचा मसुदा माझ्या जेवणाच्या टेबलावर झाला. आमदार स्वतः मांडतात त्याला अशासकीय विधेयक म्हणतात. सरकारचं नव्हे, एकट्या सदस्याचं. आमदारबाई दुपारी यायची, सोबत तिचा सहायक, आणि खाली गाडीत कार्यकर्ते. मी गाडीतल्यांना वर येऊ दिलं नाही. माझ्या घरात इतक्या चपला मावत नाहीत असं सांगितलं. 'आरोपीस जामिनावर किंवा अन्य कोणत्याही कारणाने सोडण्यापूर्वी पीडित व्यक्तीस आगाऊ, लेखी व तिला समजेल अशा भाषेत कळवण्यात यावे.' ह्या एका वाक्यावर आमची एक अख्खी दुपार गेली. 'तिला समजेल अशा भाषेत' हे माझं. ते लिहिताना मला नोकरीत कधी वाटलं नाही इतकं बरं वाटलं.

एका गोष्टीवरून आमचं वाजलं. विधेयकासोबत ते का आणतोय ह्याचं निवेदन जोडावं लागतं. त्यात आमदारबाईंना मुलीची हकिगत घालायची होती. नाव न घालता, पण 'दक्षिण पुण्यातील एका प्रयोगशाळेत काम करणारी तरुणी' असं.

"एवढ्यावरून पोस्टमन तिच्या घरी जाऊन उभा राहील," मी म्हटलं.

"ताई, गोष्ट नसेल तर सभागृहात कुणी ऐकत नाही हो."

"मग मेथीची सांग. मेथी सगळ्या पुण्यात मिळते."

तिने ऐकलं. हकिगत काढून टाकली. म्हणून म्हणते, ती वाईट नाही.

विधेयक चर्चेला आलं तो शुक्रवार होता. ही असली विधेयकं शुक्रवारीच येतात, दुपारी, आमदारांना आपापल्या गावी जायच्या गाड्या खुणावत असतात तेव्हा. मी मुलीला आणि तिच्या आईला घरी बोलावलं होतं. भाच्याने त्याचा टॅब टेबलावर तांब्याला टेकवून लावून दिला होता. मुलीने अर्धी रजा काढली होती. आईने येताना तिळाच्या वड्या आणल्या होत्या, संक्रांत नसताना. "काही चांगलं होऊन राहिलं तर तोंड गोड कराले पाहिजे न बाई," ती मला म्हणाली. मला मधुमेह आहे हे मुलीने तिला सांगितलं नव्हतं, की सांगूनही तिने मनावर घेतलं नव्हतं, कोण जाणे.

सभागृहात माणसांपेक्षा बाकं जास्त दिसत होती. आमदारबाई छान बोलली. खरंच छान. मेथीची गोष्ट तिने अशी सांगितली की मागे मोबाइल बघत बसलेल्या एकाने मान वर केली. मुलीने आईचा हात घट्ट धरला होता. कोण, कुठली, काही नाही. नुसती एक बाई आणि एक भाजीची गाडी. मला वाटलं, जमलं. माझ्यासारख्या बाईला वाटलं, म्हणजे बघा.

मग मंत्री उठले. विषय अत्यंत संवेदनशील आहे म्हणाले. सदस्या महोदयांचं अभिनंदन केलं. शासन सकारात्मक आहे, सर्व संबंधितांशी विचारविनिमय करून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल, तरी सदस्या महोदयांनी आपलं विधेयक मागे घ्यावं अशी विनंती केली. आमदारबाई उठली, आभार मानले आणि म्हणाली, मंत्री महोदयांनी दिलेलं आश्वासन लक्षात घेऊन मी माझं विधेयक मागे घेते. सगळ्यांनी बाकं वाजवली.

बाकं वाजल्याबरोबर मुलगी उठून उभी राहिली. "झाला न जी? झाला कायदा?" तिच्या आईने टॅबला हात जोडले आणि वडीचा तुकडा माझ्या तोंडाशी आणला.

तो तुकडा तोंडात घोळवत मला त्या दोघींना सांगावं लागलं की कायदा झाला नाही. की ही पद्धतच आहे. सदस्याने मांडायचं, मंत्र्याने गोड बोलायचं, सदस्याने मागे घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून बाकं वाजवायची. मतदानाला टाकलं तर पडतं, म्हणून कुणी टाकत नाही. मी अशी किती विधेयकं मराठीत आणली आणि किती परत गेलेली पाहिली होती. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. आता समोर ह्या दोघी मायलेकी.

"मागंच घ्यायचं होतं तर मांडलं कायले?" आईने विचारलं. रागावून नव्हे. तिला खरंच कळत नव्हतं.

संध्याकाळी मी आमदारबाईला फोन केला. पलीकडे हारतुऱ्यांचा गलका ऐकू येत होता. "ताई, आश्वासन मिळालं हेही खूप असतं हो. ते पाळलं जातंय का बघायला आश्वासन समिती असते. आता मी पाठपुरावा करणार."

"डोंबल तुझी समिती!" मी म्हटलं. "त्या मुलीला बॅग भरायला वेळ पाहिजे होता. तो तुझी समिती देणार का?"

ती गलक्यातून बाजूला आली. मग म्हणाली, "ताई, मी उद्या येते." ती उद्या आली नाही. सत्कार होते.

नंतरच्या आठवड्यात सकाळी मुलीचा फोन आला. माझं रक्त घ्यायचा दिवस नव्हता.

"मॅडम, चौकात तो आहे."

"कोण?"

"तो. फ्लेक्सवर."

मला काही कळेना. रिक्षा केली आणि गेले. बसची वाट बघायचा धीर नव्हता. चौकात, तिच्या गल्लीच्या बरोबर तोंडाशी, भाजीची गाडी लागते तिच्या डोक्यावर दोन मजली फ्लेक्स. मधोमध आमदारबाई हात जोडून. मागे तराजू. वर भगव्या अक्षरांत 'पीडित भगिनींना न्याय मिळवून देणाऱ्या रणरागिणीचे हार्दिक अभिनंदन!' कसला न्याय, कुणाला मिळाला, विधेयक तर मागे घेतलेलं! पण आश्वासन मिळालं म्हणजे जिंकलो, जिंकलो म्हणजे फ्लेक्स, असा तो हिशेब. आणि खाली, जिथे कुणी कधी बघत नाही तिथे, मंडळाच्या पोरांचे पासपोर्टाएवढे फोटो एका ओळीत. कुणी गॉगल लावलेला, कुणी मोबाइल कानाला. ओळीवर लिहिलेलं, 'शुभेच्छुक'. त्या ओळीत तो होता.

मी गाडीचा दांडा धरला. भाजीवाली म्हणाली, "आजी, बसा जरा." मी बसले नाही. शेजारीच मंडळाचं कार्यालय आहे, तिथे गेले. अध्यक्ष चहा पीत बसले होते. तिशीतला माणूस, अदबीने उठून उभा राहिला.

"हा फोटो कसा आला?" मी विचारलं.

त्याने कपासकट बाहेर येऊन फ्लेक्सकडे पाहिलं. बघताक्षणी त्याचा चेहरा पडला, हे मी त्याच्या बाजूने सांगते. मुद्दाम केलेलं नव्हतं. "काकू, जुनी फाईल हाय ओ ती. दरवेळी तीच जाती डिझाइनवाल्याकडं. वरचा फोटो अन् मजकूर तेवढा बदलायचा. खालचं कोण बघतंय?"

"आणि तो कुठे आहे सध्या?"

"आतच असंल की," तो म्हणाला आणि चहाच्या कपात बघायला लागला.

माझा जीव भांड्यात पडला. जुनी फाईल! मूर्खपणा, पण जुना मूर्खपणा. मुलगी रस्त्याच्या पलीकडे बंद दुकानाच्या फळीला टेकून उभी होती, डोळे सोडून सगळा चेहरा बांधलेला. मी तिच्याकडे जवळजवळ पळत गेले आणि सांगितलं, अगं, जुना फोटो आहे, गेल्या वर्षीच्या फाईलमधला, तो आतच आहे, उगीच घाबरलीस.

तिने फ्लेक्सवरची नजर काढली नाही.

"नाही जी," ती म्हणाली. "दाढी पाहा त्याची."

मी चष्मा पुसून पाहिलं. दाढी होती. कोरलेली, बारीक.

"तवा नव्हती त्याले दाढी. अटक झाली तवाही नव्हती, मेथीपाशी आला तवाही नव्हती. मले माहीत नसन त कोणाले असन जी?"

मी तिथूनच आमदारबाईला फोन लावला. ह्या वेळी तिने लगेच उचलला. सगळं सांगितल्यावर ती 'थांबा' म्हणाली, आणि थोड्या वेळात तिचा परत फोन आला. पोलिसांकडून खात्री करून घेतली होती. त्याला पुन्हा जामीन झाला होता. सुटून आठवडा उलटला होता. घरी सत्यनारायणसुद्धा झाला होता. नवा फोटो त्याने स्वतःच डिझाइनवाल्याला मोबाइलवर पाठवला होता, जुना चांगला येत नाही म्हणून. म्हणजे आम्ही तिघी टॅबसमोर बसून तिळाच्या वड्या खात होतो त्याच सुमाराला तो गल्लीत परतला असणार.

आठवडाभर ती त्याच गल्लीतून जात-येत होती. पहाटे, स्कूटीवरून, एकटी.

"ताई, मी आत्ता फ्लेक्स उतरवायला सांगते," आमदारबाई म्हणाली. आवाज रडवेला होता. सांगितलंही तिने. पण नवाकोरा फ्लेक्स उतरवला तर मंडळाची शोभा होते, शिवाय ताईंचाच फोटो उतरवल्यासारखं दिसतं, तर त्यांनी काय करावं? शिडी लावली आणि त्याच्या तेवढ्या चेहऱ्यावर पांढरा कागद चिकटवला. झालं! आता त्या चौकातून जाणारा प्रत्येक माणूस थांबून विचारायला लागला, ह्या पांढऱ्या चौकोनाखाली कोण आहे? आणि का झाकलंय? ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनाही दुपारपर्यंत सगळं माहीत झालं. तो कोण हे कळलं, आणि मग अर्थात ती कोण हेही कळलं. एवढी मारामार करून मी निवेदनातून जे काढून टाकलं होतं ते त्या चौकात चहाच्या टपरीवर बोललं जात होतं. संध्याकाळी घरमालकाने तिच्या आईला सांगितलं, तुमच्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही, पण आमच्याही घरात मुली आहेत.

माझ्या डोक्यात त्या दिवशी इतकी तिडीक गेली होती की कुणाला काय बोलले ते आठवत नाही. अध्यक्षांना बोलले, घरमालकाला बोलले, आमदारबाईला तर जन्मभर पुरेल इतकं बोलले. त्याचा काही उपयोग झाला नाही. मुलगी मात्र सामान बांधत होती.

दोन दिवसांनी सकाळी मी त्यांना स्वारगेटला सोडायला गेले. दोन बॅगा, एक गोणपाटात बांधलेली शेगडी, आणि आईच्या मांडीवर देवांचा डबा. यवतमाळकडे नाही गेल्या. गाव त्याला माहीत होतं. दुसरीकडे गेल्या, कुठे ते लिहीत नाही. केस मागे घेतलेली नाही. साक्षीच्या दिवशी येईन म्हणाली, आणि ती येईल.

बस लागायला वेळ होता. ती बाकावर माझ्या शेजारी बसली होती, स्कार्फ बांधूनच.

"मॅडम, तुमच्या त्या कागदात होतं न, आगाऊ कळवावं म्हणून?"

"हो."

"तिला समजेल अशा भाषेत, असं होतं न?"

"होतं."

"समजलं मले," ती म्हणाली.

मी चारचौघांत कधी रडत नाही. आई गेली तेव्हाही स्मशानातून घरी येईपर्यंत थांबले होते. त्या दिवशी स्वारगेटच्या बाकावर, केळीवाल्यांच्या आणि हमालांच्या समोर, मी हमसून हमसून रडले. तिची आई माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. खरं तर तो हात माझा असायला हवा होता आणि पाठ त्यांची.

आता रक्त घ्यायला दुसरी मुलगी येते. चांगली आहे. मी तिला फारसं काही विचारत नाही.

आमदारबाईने पुढच्या अधिवेशनात विधेयक पुन्हा दिलं. पुन्हा माझ्याच टेबलावर बसून आम्ही ते केलं. मी एक नवं कलम घातलं आहे. माहिती चौकात जायच्या आधी पीडितेकडे जावी अशा अर्थाचं, पण सरकारी भाषेत. ते चर्चेला येईल तेव्हा येईल. मंत्री सकारात्मक असतीलच.

मुलीचा नंबर माझ्याकडे आहे. बस्तान बसल्यावर तिने एकदा फोन केला आणि एकच गोष्ट मागितली. तो कुठे आहे ते अधूनमधून कळवाल का? पोलीस कळवत नाहीत, वकील फोन उचलत नाही. मी हो म्हटलं. आता ह्या वयात मी पाळत तर ठेवू शकत नाही. पण त्या माणसाला एक खोड आहे आणि ती माझ्या कामाची आहे. कुठलाही फ्लेक्स लागला की त्याला नवा फोटो द्यायचा असतो. म्हणून मी महिन्यातून एकदा कात्रजच्या बसमध्ये बसते. भाजीवालीकडून मेथी घेते, नको असली तरी, आणि तिलाही सहज विचारून घेते. मग मान वर करते.

परवा गेले तर गणपतीचा फ्लेक्स लागला होता. खालच्या ओळीत तो नव्हता. इथे नाही, तर गेला कुठे? डोळे वर नेले तेव्हा सापडला. बढती झाली होती. दुसऱ्या रांगेत, फेटा बांधून, नावाखाली 'कार्याध्यक्ष', आणि फोटो हाताच्या पंजाहून मोठा. आमदारबाईच्या खांद्यापासून फार लांब नाही. भाजीवाली म्हणाली, "सकाळीच तर मांडव घालत होता की."

परतीच्या बसमध्ये बसल्यावर मी मुलीला फोन लावला. तिने पहिल्या रिंगला उचलला. नेहमी तसाच उचलते.

"आहे न जी तो तिथंच?"

मला सांगायची लाज वाटत होती. सांगितलं. वरच्या रांगेत आलाय, मोठा फोटो आहे, फेटा आहे.

"फोटो नवा आहे न?"

"नवा आहे."

तिने श्वास सोडला तो मला बसच्या आवाजातही ऐकू आला. मग मागे वळून आईला सांगितलं, "आहे व माय, तिथंच आहे." आणि मला म्हणाली, "लावू द्या न जी मोठा फोटो. तिथं आहे म्हणजे इकडं नाही."